ओली चादर

आज तुझ्याशी बोलायला नाही,
नुसतं बसायला आले.
डोंगरावरच्या या क्रूस कोरलेल्या दगडापाशी,
ज्याच्या एका अंगाला शेवाळ, दुसऱ्या अंगाला मेणाचे ओघळ,
आणि पायाशी कुणीतरी मांडलेल्या
जर्दाळूच्या तीन बिया.

बोलायचंच तर कालच्या रात्रीपासून बोलावं लागेल.

काल रात्री सासू चौथ्यांदा हाक मारत होती.
हाक म्हणजे नाव नव्हे. माझं नाव वार्सेनिक
गेल्या द्राक्षतोडणीलाच विसरली.
नुसता आवाज, कळपामागे राहिलेल्या कोकरासारखा.
मला ऐकू आला.
झोपेत होते म्हणून सुटता आलं असतं, पण नव्हते.
टक्क जागी होते
आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.
चादर ओली झाली असणार, हेही माहीत होतं.
खाली दरीत आर्पा वाहत होती.
वाटलं, नदीचं बरं आहे,
तिला कुणी मागे बोलावत नाही.

सेरोब रोस्तोव्हला. परक्यांच्या भिंती रचतो.
फोनवर विचारतो, "आई कशी आहे?"
मी सांगते, "तुझी वाट बघते."
खोटं आहे ते. वाट मी बघते.

उजाडल्यावर उठले.
तिची पाठ गारठलेली.
चादर ओढली ती जरा जोरात,
म्हणजे रागानेच, तुझ्यापासून काय लपवायचं,
आणि तिचं डोकं पलंगाच्या लाकडाला लागलं.

ती रडली नाही.
माझ्या मनगटाकडे बघत राहिली,
तोनीरच्या धगीने भाजलेल्या, काळ्या पडलेल्या.
मग ते बोलली,
जे आमच्याकडे ऊठसूट बोललं जातं,
बटाटे तोलताना, पोराचं नाक पुसताना, बसच्या दारात:
त्सावद तानेम.
तुझं दुखणं मी घेते.

सगळं गेलंय तिचं. चार लेकरांची नावं गेली,
चमचा कसा धरायचा तेही गेलं.
एवढंच उरलंय,
रिकाम्या डब्याच्या कोपऱ्यात
पीठ चिकटून राहतं तसं.

टेर हुसिक यांच्याकडे जाणार होते.
भला पाद्री आहे, पण विचारतील, उपास धरलास ना?
आणि मी तर रात्री दोन वाजता
उभ्या उभ्या चीज खाल्लं, चोरासारखं.
म्हणून इथे. दगड विचारत नाही.

यादी मनात करूनच चढले होते.
कधी चिडले, कधी टाळलं,
ती मरावी असं कधी वाटलं.
ते दोनदा वाटलं. नाही, तीनदा.
पहिलंच पाप काढायला तोंड उघडलं
तर जांभई आली,
डोळ्यांतून पाणी काढणारी.
दगडाला पाठ टेकली ती टेकलीच.

जाग आली तेव्हा पाठीला ऊब होती.
चमत्कार नाही काही, उन्हात दगड तापतातच.
पण मला कुणी उठवलं नव्हतं.
कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा
मला कुणी उठवलं नव्हतं.

मग तिचं वाक्य आठवलं,
आणि एक विचारावंसं वाटलं, रागावू नकोस:
त्या डब्याच्या कोपऱ्यात
तूच तर नाहीस ना चिकटून?

निघते आता.
हायकानुशला तासाभरासाठी बसवलं होतं, दोन होऊन गेले.
लवाशचं पीठ फुगून परातीबाहेर आलं असेल.
रात्री पुन्हा हाक येईल.
उठेन, असं वचन देत नाही,
माझी वचनं तू ओळखतोस.
नाहीच उठले तर
तू बस तिच्या उशाशी.
आणि जागा उरलीच
तर जरा भिंतीच्या बाजूलाही सरक.